अण्णांचे टाळ

अण्णांच्या पत्नीनं, वहिनींनी, टाळ जुन्या टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिले. म्हणाल्या, "घरात ठेवून काय करू मी? तुम्ही चाललाय तर न्या." १९ जून २०२५ ला आळंदीतून माऊलींच्या पालखीचं प्रस्थान झालं तेव्हा ते टाळ माझ्या गळ्यात होते. दोरी अण्णांच्या हाताच्या घामानं काळी पडलेली. आणि मला टाळ धरताही येत नव्हते.

अण्णा आणि मी ३३/११ केव्हीच्या एका वीज उपकेंद्रात ११ वर्षं ऑपरेटर होतो. दरवर्षी ज्येष्ठात ते वारीची रजा टाकायचे आणि त्यांच्या पाळ्या मी ओढायचो. नेमके वाऱ्यापावसाचे दिवस, फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या विजेच्या लाइनी, सारखे ट्रिप होऊन बंद पडायचे, त्यात दर तासाचं रीडिंग. पण याची परतफेड त्यांनी न मागता केली. लक्ष्मीपूजनाची रात्र ११ वर्षांत एकदाही माझ्या वाट्याला आली नाही. "तुमची पोरं लहान आहेत, घरी जावा," एवढंच म्हणायचे. पाळी संपताना पुढच्या माणसाची लॉगशीटही तेच आखून ठेवायचे. तारीख, फीडरची नावं, तासांचे रकाने, वर आडवं ठेवलेलं पेन. कामावर आलेल्या माणसानं आधी दोन घोट चहा प्यावा, मग लिहायला बसावं, असं त्यांचं म्हणणं.

जानेवारीत एका रात्री बारा वाजता त्यांनी मला चार्ज दिला, टोपी घातली, गाडीला किक मारली. पाच आणि सहाच्या रीडिंगच्या मध्ये फोन आला. झोपेतच गेले होते. सहाचं रीडिंग मी घेतलं, सातचं घेतलं. आठला बदली येईपर्यंत उपकेंद्र सोडून जाता येत नव्हतं. ते आकडे मी अण्णांनी आखलेल्या रकान्यांत लिहिले. त्याच दिवशी ठरवलं, यंदा त्यांच्या जागी मी चालणार.

दिंडीत ही बातमी पोचलेलीच नव्हती. आळंदीत विणेकरी बुवांनी मला विचारलं, "तुमच्याकडचे माऊली कधी येणार?" मी सांगितलं. वीणा खाली ठेवत नाहीत. बुवांनी ती शेजारच्याच्या गळ्यात दिली, त्याच्या पाया पडले आणि मग भिंतीला टेकून बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत.

पुण्यातून दिवे घाट चढून सासवडला गेलो तो दिवस सगळ्यांत लांबचा. पायाला फोड आले, त्याचं काही विशेष नाही, सगळ्यांनाच येतात. विशेष हे, की वाटेत जो तो मला अण्णा सांगत होता. डोईवर तुळस घेऊन चालणाऱ्या एक आजी म्हणाल्या, "पहाटं तीनला टँकरवरनं आमचे हंडे तो भरायचा. आम्हाला अंधारात जाऊ द्यायचा न्हाई." दुसऱ्या एकानं सांगितलं, तळावर राहुट्या ठोकून झाल्या की अण्णा प्रत्येक ताणदोरीला पांढऱ्या चिंध्या बांधत फिरायचे. रात्री कुणी उठलं तर दोरीत पाय अडकून पडू नये म्हणून. मला लगेच ओळख पटली. उपकेंद्राच्या आवारात खड्डा खणला की भोवती पट्टी बांधल्याशिवाय ते जेवायला बसत नसत. मला वाटायचं, वारीत तरी अण्णा मोकळे होत असतील. तिथंही ते ड्युटीच करत होते, आणि आनंदानं.

वाल्ह्याच्या तळावरची समाजआरती मला जन्मभर विसरता यायची नाही. कंट्रोल रूममध्ये रात्री दोन-अडीचला अण्णांनी ती मला कितीतरी वेळा सांगितली होती. सगळ्या दिंड्या टाळ वाजवत पालखीपुढं येतात. चोपदार दंड वर करतो, आणि एवढा मोठा जनसागर एका क्षणात गप्प होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ थांबवत नाही. मग चोपदार तिथं जातात, म्हणणं ऐकून घेतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्याची पुकार होते.

दंड वर गेला. आजूबाजूचे टाळ थांबले. माझे मात्र वाजत राहावेत असं मला फार वाटलं. तक्रार होती माझी. ५२ वर्षांचा माणूस, कुणाला कधी उलट बोलला नाही, रात्री बाराला गाडीला किक मारून जातो आणि सकाळ बघत नाही, ही काय रीत झाली? ऐकून घ्यायला कुणीतरी यावंच, असं वाटलं. शेजारच्या माऊलींनी काही न बोलता माझ्या दोन्ही हातांवर हात ठेवला. टाळ गप्प झाले. तिकडून पुकार सुरू झाली. कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा, कुणाची म्हातारी आई. मी शेवटपर्यंत ऐकत उभा राहिलो.

त्यानंतर रडू आलं ते थेट पुरंदवड्याच्या गोल रिंगणात. माऊलींच्या अश्वाच्या पाठीवर कुणी बसत नाही. तिथं खुद्द माऊली आहेत असं मानतात. तो रिकाम्या पाठीचा घोडा समोरून वाऱ्यासारखा गेला आणि सगळी दिंडी टाचा उंचावून हात जोडून उभी. अश्व गेल्यावर आजींनी त्याच्या टापांखालची माती उचलली, स्वतःच्या कपाळाला लावली, मग माझ्या.

६ जुलैला एकादशी. पंढरपुरात दर्शनाची रांग मैलोगणती होती, मी कळसाला हात जोडले. पण मला सांगायचंय ते वाखरीच्या मुक्कामाचं. राहुट्या लागल्या, दिवस कलला, आणि पाहतो तर दोऱ्या मोकळ्याच. इतके दिवस माझ्या लक्षात आलं नव्हतं, कुणाच्याच आलं नव्हतं. आजींना विचारलं, काही पांढरं आहे का? त्यांनी गाठोडं सोडून एक विरलेलं पातळ काढलं आणि दातानं कड धरून टरकावलं. बुवाही आले. आम्ही तिघं दोरी-दोरीनं चिंध्या बांधत निघालो. अंधारून आलं तेव्हा आजी मागून ओरडल्या, "त्या कोपऱ्यातली राहिली बघ."