पोच

दादर पश्चिमेला, गोखले रोडच्या आतल्या एका गल्लीत आमची साइट होती. जुनी उपकरप्राप्त इमारत पाडून नवीन उभी करायची, खाली पार्किंगचं तळघर. मी साइट इंजिनीअर. राफ्टचं, म्हणजे अख्ख्या इमारतीखालच्या पायाच्या जाड स्लॅबचं, काँक्रीट २४० घनमीटर, म्हणजे सहा घनमीटरच्या चाळीस गाड्या. पंपाने कटकट केली नाही तर तासाला चार गाड्या उतरतात. म्हणजे दहा तास, तेही सलग. मध्येच थांबलात आणि आधीचं काँक्रीट घट्ट झालं, की कोल्ड जॉइंट, म्हणजे जुनं-नवं काँक्रीट नीट न जुळलेला सांधा. आमच्या खड्ड्यात दोन मीटरवरच पाणी लागलं होतं, त्यामुळे तसा जॉइंट म्हणजे तळघरात कायमचं डबकं.

आता सलग दहा तास आणायचे कुठून? सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी अवजड गाड्या रस्त्यावर येऊ देत नाहीत. दुपारी हाताशी राहत होते जेमतेम सहा तास, अकरा ते पाच. सलग दहा मिळत होते ते फक्त रात्री नऊनंतर. आणि रात्री दहा वाजले की ध्वनिप्रदूषणाचे नियम सुरू. ते नियम २००० सालचे. २०१० च्या दुरुस्तीत बांधकामाची आवाज करणारी यंत्रंही त्यात आली. रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा बंद. थोडक्यात, गाडी आणायची तर रात्री आणि आवाज करायचा तर दिवसा. हे २०१८ च्या सुरुवातीचं. कफ परेडला मेट्रो-३ च्या रात्रीच्या कामाला उच्च न्यायालयाने २०१७ मध्येच मनाई केली होती, त्यामुळे हा नियम एव्हाना गल्लीतल्या पोरालाही पाठ झाला होता.

शेठ म्हणाले, ‘पोलिसांची परवानगी घेऊन टाका एका रात्रीची.’ घेऊन टाका! जशी वाटेवर कोथिंबीर मिळते.

ठाण्यात हवालदारांनी अर्ज हातात घेतला आणि न वाचताच म्हणाले, ‘लाउडस्पीकरचे अर्ज त्या टेबलावर.’

‘लाउडस्पीकर नाही साहेब. काँक्रीट आहे.’

‘मग कार्यक्रमाचं स्वरूप काय लिहायचं? लग्न, पूजा, वाढदिवस?’

‘राफ्ट.’

‘भूमिपूजन लिहा की,’ बाजूचा शिपाई म्हणाला. तो थट्टा करत होता की मदत, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

शेवटी मोठ्या साहेबांपुढे उभा राहिलो. माणूस सरळ होता. म्हणाला, ‘मला असा अधिकारच नाही, तर देऊ काय?’ मी म्हटलं, गणपतीत बारापर्यंत मिळतं ना? ‘ते सरकार देतं, वर्षातून फार तर पंधरा दिवस, आणि तेही सणासुदीच्या स्पीकरला. तुमच्या पंपाला कुठला गणपती?’ मग जरा थांबून म्हणाले, ‘अर्ज आवकला द्या. घेत नाही असं मी म्हणणार नाही. पण घेतला म्हणजे परवानगी दिली, असं कुणाला सांगत फिरू नका.’

आवक टेबलावर शिक्का पडला. जांभळ्या शाईचा, जरा तिरका, निम्मा आमच्या लेटरहेडवरच्या लोगोवर. आवक क्रमांक, तारीख आणि सहीच्या जागी एक वळसा. शेठनी तो बघितला आणि म्हणाले, ‘झालं की मग!’ दुसऱ्या दिवशी तो कागद लॅमिनेट होऊन गेटवर मारुतीच्या फोटोशेजारी लटकला. मला काय ते ठाऊक होतं. पण या लाइनमध्ये सोळा वर्षं काढली होती आणि असा लॅमिनेट केलेला कागद मी ज्या ज्या साइटवर होतो तिथे पाहिला होता. त्याच्याकडे निरखून बघायचं नसतं, एवढंच.

गल्लीत घरोघरी चिठ्ठ्या टाकल्या, ‘एक रात्र सहकार्य करावे.’ गाड्यांच्या रिव्हर्स हॉर्नच्या वायरी काढायला लावल्या आणि मागे टॉर्च घेऊन एक पोरगा उभा केला. हा मूर्खपणा होता; पंचवीस टनांची गाडी अंधारात मागे येतेय आणि आवाज नाही. निभावलं, म्हणून आज लिहितोय. पंप सुरू करायच्या आधी मोबाइलवरच्या ॲपने सहज आवाज मोजला. ॲपचं काही खरं नसतं, तरी नुसत्या गल्लीचाच ५८ दाखवला. रहिवासी भागाची रात्रीची मर्यादा आहे ४५ डेसिबल. आम्ही आलोच नसतो तरी गल्ली नापासच होती. पंप सुरू झाल्यावर मोबाइल खिशात टाकला.

पावणेबाराला समोरच्या इमारतीतले काका खाली आले. पायजमा, बंडी, वर हाफ स्वेटर. मी लगेच सुरू केलं, ‘काका, सॉरी, आजची एकच रात्र…’

‘झोपमोड झाली म्हणून नाही आलो. मी तसाही दोनपर्यंत जागाच असतो. कागद बघायला आलो.’

टॉर्चवाल्या पोराला जवळ बोलावून त्यांनी गेटवरचा कागद वाचला. वरपासून खालपर्यंत, ‘विषय’ आणि ‘महोदय’सकट. मग शिक्क्यावर बोट ठेवलं.

‘ही पोच आहे. परवानगी कुठाय?’

मी गप्प.

‘छत्तीस वर्षं कोर्टात आवक-जावक सांभाळलंय मी. असे शिक्के किती मारले असतील? उद्या मी अर्ज दिला, की मला समोरची इमारत बक्षीस द्या, तर त्यावरही हाच शिक्का पडेल.’

मग शांतपणे म्हणाले, ‘फोन मीच केलाय. येतीलच.’ आणि आमच्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. मी चहा मागवला, तो घेतलाही.

बारा-दहाला गाडी आली. उतरले तेच हवालदार. ‘काय इंजिनीअर, झालं का भूमिपूजन?’ पण पंप बंद करायला लावला तो लावलाच. तोवर अकरा गाड्या उतरल्या होत्या आणि चार गल्लीच्या तोंडाशी ड्रम फिरवत उभ्या होत्या. मी पहिलीचं चलन दाखवलं: प्लांटवर माल भरल्याची वेळ १०:३५. दोन तासांच्या आत रिकामी व्हायला हवी, नाहीतर सहा घनमीटर माल फेकायचा. फेकायचा तरी कुठे? त्यांनी चलन वाचलं आणि काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, ‘आलेल्या उतरवू देत. नवीन नको.’ हा अधिकार त्यांना कुणी दिला होता कोण जाणे, पण निकाल लागला.

मग खरी धावपळ. आरसीसी कन्सल्टंटना, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याचं डिझाइन करणाऱ्यांना, झोपेतून उठवलं. त्यांनी आधी मला चार शब्द ऐकवले आणि मग जॉइंट कुठे घ्यायचा ते ग्रिड नंबरांसकट सांगितलं. सुतारांनी सळ्यांच्या मधून चिकन मेश दुहेरी लावून, मागे प्लायच्या पट्ट्या ठोकून भिंत उभी केली. ठोकतानाचा प्रत्येक घाव मला काकांच्या स्वेटरवर पडतोय असं वाटत होतं. पंधराव्या गाडीवर थांबलो तेव्हा एक वाजून गेला होता. सकाळी जाळी काढली, तोंड खरवडून धुतलं, पाणी लागलं की फुगणारी वॉटरबारची पट्टी बसवली. उरलेल्या पंचवीस गाड्या अकरा ते पाचमध्ये बसल्या. सहा तास, तासाला चार, वर एक. हा हिशेब मला ठाण्यात जायच्या आधीच दिसायला हवा होता.

शेठ माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. काका मात्र रोज संध्याकाळी गेटशी येऊन ‘आज काय कागद आलाय?’ विचारून जायचे.

तळघर दुसऱ्या पावसाळ्यात गळलं. मी धावत जाऊन आधी तो जॉइंट पाहिला, ठणठणीत कोरडा. पाणी येत होतं लिफ्टच्या पिटाच्या कोपऱ्यातून. तो आम्ही दुसऱ्या दिवशी ओतला होता, दुपारी दोनच्या सुमाराला, नियमात बसवून.