पाणवठ्यावरचे अकरा कॅमेरे

अमेरिकेतल्या अॅरिझोनात, फ्लॅगस्टाफ शहराच्या पश्चिमेला, कैबाबच्या जंगलात एक मातीचं तळं आहे. गुरांसाठी खणलेलं, इकडे त्याला 'टँक'च म्हणतात. २०२० च्या ऑगस्टमध्ये ऑफिसातल्या एका मित्राबरोबर मी तिथे गेले होते. बऱ्याच वर्षांनी त्याला सोडतीत एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा परवाना लागला होता. त्या वर्षी अॅरिझोनाचा मान्सून जवळपास कोराच गेलेला, आसपासची डबकी आटलेली. या एका तळ्याच्या काठी जुनिपरच्या खोडांना पट्ट्यांनी आवळलेले ट्रेल कॅमेरे, म्हणजे जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारे डबे, मी मोजले. अकरा. मित्राने बारावा बांधला.

संध्याकाळी आम्ही लांब झाडीत बसलो. एल्कची मादी पिल्लाला घेऊन उतरली. आपल्या सांबरापेक्षा कितीतरी थोराड जनावर. पाण्यापासून वीसेक पावलांवर थबकली, कान टवकारले. तेवढ्यात कॅमेऱ्यातलं कार्ड बदलायला कुणाची तरी गाडी धडधडत आली आणि दोघं तहानलेलीच माघारी फिरली.

मला ताडोबातली बुद्धपौर्णिमा आठवली. प्रगणनेला मचाणावर बसलो होतो, तेव्हा वनरक्षकाने खोकायचीसुद्धा बंदी घातली होती. पाण्यावर आलेल्या जनावराला बिचकवायचं नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

जून २०२१ मध्ये अॅरिझोनात शिकारीचे नियम ठरवणाऱ्या गेम अँड फिश कमिशनने एकमताने ठरवलं : १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरा वापरायचा नाही. मित्र भयंकर चिडला. "मी आठवडाभर कामावर. जंगलात फिरायला वेळ कुठून आणू? आणि फोटो पाहूनच कळतं ना, म्हातारा नर कोणता, कोणाला सोडायचं!" त्याचं हे दुसरं म्हणणं मला पटतं. पण आता सिमकार्डवाले कॅमेरे आलेत. जनावर पाण्याला तोंड लावतं न लावतं, तोच फोटो फोनवर. थिओडोर रूझवेल्टनी १८८७ मध्ये काढलेला शिकाऱ्यांचा बून अँड क्रॉकेट क्लब ज्याला 'फेअर चेस' (सचोटीची शिकार) म्हणतो, त्यात जनावराला निसटायची खरीखुरी संधी असावी लागते. कोरड्या मुलखात पाण्याशिवाय ते जाणार कुठे?

कॅमेऱ्यावर माझा राग नाही. भारतात २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी हेच डबे लावले होते. ते वाघांचे पट्टे ओळखून मोजदाद करायला. आपल्याकडे कायद्याने शिकारच बंद, त्यामुळे त्या फोटोमागोमाग बंदूक येत नाही. इथे येते. म्हणून मी या बंदीच्या बाजूने आहे, आणि मित्रालाही ते तोंडावर सांगितलंय.

यंदा त्याच्या मुलीला परवाना लागलाय. मागच्या रविवारी आम्ही तिघं त्याच तळ्यावर गेलो. जुनिपरच्या सालीवर पट्ट्यांचे वळ अजून दिसतात. तो काठच्या चिखलात गुडघे टेकून बसला, एका खुराच्या ठशात बोट घातलं आणि लेकीला म्हणाला, "कड बघ, अजून ओली आहे. आज पहाटेचा."