टायर कोण खातंय?

शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला एक स्विफ्ट माझ्याकडे अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवायला, आली. मुलगा रोज हिंजवडीला जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर चालवणारा, आणि महिन्यातला एखादा रविवार ऑटोक्रॉसचा (शंकूंमधून घड्याळ लावून गाडी पळवायची स्पर्धा). गाडी कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअ‍ॅब्सॉर्बर) टाकून इतकी खाली घेतलेली की चाक आणि फेंडरच्या मध्ये जेमतेम एक बोट जावं.

"काका, पुढचा कॅम्बर शून्य करून द्या. सहा हजार किलोमीटरमध्ये टायर आतून तारेवर आलं."

कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाकाचा कल; वरची बाजू आत झुकली की तो उणे. वाकून बघितलं. आतली कड खरंच संपली होती, बाहेरची नक्षी मात्र अजून पाच मिलिमीटर शिल्लक. मग टायरवर आडवा हात फिरवला. एका दिशेनं गुळगुळीत सरकला, उलट्या दिशेनं करवतीसारखा अडला. नुसत्या कॅम्बरनं कड झिजते, पण असे दाते पडत नाहीत. ते टोचं काम, म्हणजे वरून बघताना चाकांची पुढची टोकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं.

हवा चारही चाकांत सारखी केली, त्यालाच ड्रायव्हर सीटवर बसवलं, गाडी दाबून सोडली आणि मापं घेतली. आधी मागची. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारी एकच तुळई), तिथे फिरवायला काही नाही, पण मागचा अ‍ॅक्सल तिरका असेल तर पुढे कितीही सरळ करा, स्टिअरिंग वाकडंच राहतं. तो ठीक निघाला. पुढे डावा कॅम्बर उणे 1 अंश 40 मिनिटं (साठ मिनिटांचा एक अंश), उजवा उणे 50 मिनिटं. आणि दोन्ही चाकांचा टो मिळून 40 मिनिटं बाहेर. स्प्रिंग बदलल्यावर अलाइनमेंट केलंच नव्हतं.

मी त्याला कागदावर हिशेब मांडून दाखवला. प्रत्येक चाक 20 मिनिटं तिरकं, म्हणजे किलोमीटरमागे जवळजवळ सहा मीटर आडवं घासणं. पुणे-कोल्हापूर 230 किलोमीटर धरले तर सव्वा किलोमीटरहून जास्त. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला.

कॅम्बर शून्य करायला मी नकार दिला. वळणावर गाडी कलते तेव्हा बाहेरचं टायर बाहेरच्या कडेवर उभं राहतं. उणे कॅम्बर त्यासाठीच लागतो. खरी अडचण उंचीची होती. खालचा आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) चाकाकडे वर चढलेला. मॅकफर्सन सस्पेन्शनमध्ये, म्हणजे खाली आर्म आणि वर स्ट्रट (स्प्रिंग-शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा खांब) अशा या पुढच्या रचनेत, आर्म असा झाला की चाक आणखी दबताना उणे कॅम्बर वाढायच्या ऐवजी कमी होतो, नेमका वळणात हवा तेव्हाच. "पुढून पंधरा मिलिमीटर वर घेऊ," म्हटलं. त्याचा चेहरा उतरला. दिसायला गाडी सुंदर होती, हे मलाही मान्य आहे. आर्म दाखवला तेव्हा तयार झाला.

उंची बदलून, स्ट्रटच्या वरच्या बोल्टच्या जागी एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवला की चाकाचा कल बदलणारा) टाकून दोन्हीकडे उणे दीड अंश आणला. तो उणे तीन लिहून घेऊन आला होता; ते ट्रॅकवर ट्रेलरनं नेणाऱ्या गाडीचं माप. टो शेवटी, कारण कॅम्बर हलला की टो हलतोच. रस्त्यासाठी शून्य. मग दोन्ही टाय रॉडवर (स्टिअरिंगनं चाक वळवणारे दांडे) पांढऱ्या रंगाची खूण केली आणि मशीनवरच पाव-पाव फेरा देऊन बघितलं: एकूण टो सुमारे 20 मिनिटं बाहेर जातो. ऑटोक्रॉसला गाडी वळणात चटकन शिरावी म्हणून रविवारी सकाळी दोन्हीकडे तेवढा फेरा, संध्याकाळी परत खुणेवर. लॉकनट घट्ट करायला विसरू नकोस, हे तीनदा सांगितलं.

दोन महिन्यांनी परत आला. मी आधी टायरवर हात फिरवला. दोन्ही दिशांना सारखाच सरकला. बाहेरची कड थोडी जास्त घासलेली वाटली, म्हणून उणे कॅम्बर पाव अंशानं वाढवून दिला.