नळ दुरुस्तीवाला

"फोटो काढायलाईस का नळ दुरुस्त करायलाईस?"

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ भडंगाची गाडी लावणाऱ्या आजोबांचा प्रश्न. मी फोकससाठी लेन्सची रिंग हातानं पिळतच होतो.

कॅमेरा नवा, मिररलेस. लेन्स मात्र सोव्हिएत काळातली, हेलिओस ४४-२, ५८ एमएम. कॅमेऱ्यातला आरसा गेल्यामुळे हे जमतं. एम४२ या जुन्या, आट्यांनी बसणाऱ्या लेन्सला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागतं, माझ्या सोनीचं माउंट (लेन्स बसते ती जागा) १८ मिमीवरच आहे. उरलेली जागा भरते एक पोकळ नळी, तिलाच अडॅप्टर म्हणायचं. (कॅमेऱ्याला लेन्स लावलीय हे कळतच नाही. 'लेन्सविना शटर' मेनूत चालू करेपर्यंत पहिल्या दिवशी मी घामाघूम.)

एफ२ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवलं की, मीटरभरावरून जेमतेम दोन बोटं खोली शार्प येते. आजोबा पुढे झुकले की फोकस गेला. पुन्हा पिळा. फोकस बसेल तिथं स्क्रीनवर लाल कडा उमटते, कधी मिशीवर, कधी कांद्यावर.

"आजोबा, जरा हलू नका."

"गिऱ्हाईक आल्यावर हलायचं न्हाई व्हय?"

चौदा फोटो, त्यातला एक बरा. बाकीचे कृष्णेत सोडण्याच्या लायकीचे.

पण त्या एकात चष्मा नेमका शार्प आलाय. डावी काडी काळ्या दोऱ्यानं बांधलेली, गाठ अगदी कानाजवळ.

या गाडीवर मी किती वर्षं भडंग खातोय! मोबाईलनं तिचे फोटोही ढिगानं काढलेत. तो दोरा कधीपासून आहे तिथं?