वाक्याच्या शेवटी असलेलं 'नाही'

माझी भाची एमपीएससीची तयारी करते आणि नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका अभ्यासिकेत बसते. तिथल्या मुलांनी सध्या स्पीड रीडिंग मनावर घेतलंय. ओळीखालून पेन्सिल सरकवायची, मनातल्या मनात उच्चार करायचा नाही आणि काही झालं तरी मागच्या ओळीवर जायचं नाही. पद्धत जुनीच आहे. अमेरिकेत एव्हलिन वुड या शिक्षिकेने १९५९ मध्ये तिचे वर्ग सुरू केले होते.

मी बरीच वर्षं मुद्रितशोधन केलं. 'मागे जायचं नाही' हा नियम मला यातला सगळ्यात घातक वाटतो, मराठीत तर फारच. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकारही शेवटीच. 'शासनाने हा प्रस्ताव मान्य केला' इथवर डोळा आला, की मन वाक्य संपवून मोकळं होतं. पुढे 'नव्हता' आहे, ते निसटतं. आयोगाच्या प्रश्नांत 'अयोग्य', 'चुकीचे नाही' अशी पदं असतात, आणि ती अशीच शेवटाला बसलेली. भाचीची सराव प्रश्नपत्रिका आम्ही दोघींनी मिळून तपासली. चुकलेल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं तिला येत होती, प्रश्नच उलटा वाचला गेला होता.

वाचताना डोळा सरळ सरकत नाही, उड्या मारतो. दर थांब्याला साधारण पाव सेकंद जातो, आणि स्वच्छ दिसतात ती मोजकीच अक्षरं. त्यामुळे अख्खं पान एका नजरेत टिपण्याची गोष्ट डोळ्याच्या रचनेतच बसत नाही. दहातली एखादी उडी मागेही जाते. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी डोळा पुढे सरकताच मागचे शब्द पडद्यावर झाकले, तर वाचणाऱ्यांचं आकलन घसरलं. मागे वळणं हा आळस नाही, समजून घेण्याचाच तो भाग आहे.

इंग्रजीत मनात वाचण्याचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द निघतो. तो मराठीला लावू नये. आपल्याकडे प्रत्यय, शब्दयोगी अव्ययं सगळं एकाच शब्दाला चिकटतं.

वेग येतो तो ओळखीतून. राज्यघटनेचं प्रकरण भाची भराभर वाचते, कारण मूलभूत हक्क, घटनादुरुस्ती हे सगळं तिच्या डोक्यात बसलंय. कृषी अर्थशास्त्राला तीच अडखळते. डोळे तेच आहेत ना!

चाळणं मात्र जरूर शिकावं. १८४० पासूनचं आपलं सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे वर्तमानपत्रं चाळावीत. पुस्तक घरी न्यायचं की नाही हे अनुक्रमणिका आणि मधली चार पानं बघून ठरवावं. फक्त त्याला वाचन म्हणू नये.

आणि कादंबरी? मनातला आवाज बंद करून ती कशी वाचणार? बागलाणातली म्हातारी अहिराणीत बोलते, तेव्हा तिचा हेल कानात उमटायला हवा. ओवीचा चौथा चरण आखूड पडतो, तो थांबा आतल्या आवाजालाच कळतो. भाचीने परवा वाचनालयातून एक कादंबरी आणली आणि विचारलं, "मावशी, ही किती वेळात संपायला हवी?" मी तिला पहिलं प्रकरण मोठ्याने वाचायला लावलं. संवाद आले तशी ती आपोआप सावकाश झाली, आणि दोनदा तर मागे जाऊन तोच परिच्छेद तिने पुन्हा वाचला.