पानं वाळली तरी ब्युटनेरी मेलेली नसते

अलो ब्युटनेरी ही पश्चिम आफ्रिकेच्या गवताळ सव्हानातली कोरफड. घाना, टोगो, बेनिन, नायजेरिया हा तिचा मुलूख. आल्विन बर्गर यांनी १९०५ साली तिचं शास्त्रीय वर्णन केलं, तरी संग्राहकांकडे ती आजही क्वचितच दिसते. तिकडे पाऊस एकाच हंगामात पडतो, मग काही महिने कोरडे जातात आणि गवतात वणवे लागतात. त्या काळात ही कोरफड पानं टाकून देते. पानांचे तळ फुगून जमिनीखाली कांद्यासारखा गड्डा तयार झालेला असतो, तो तेवढा जिवंत राहतो.

बहुतेक झाडं मरतात ती या विश्रांतीतच. पानं पिवळी पडली की माणूस घाबरून पाणी वाढवतो. पानं नसताना मुळं पाणी जवळपास ओढतच नाहीत, माती ओली राहते आणि गड्डा आतून सडतो. म्हणून निम्मी पानं वाळली की पाणी कमी करा, सगळी वाळली की पूर्ण बंद. कुंडी पत्र्याखाली सरकवा. वळवाची एखादी सर चालते, पण आठवडाभर ओल राहिली तर नाही. नवा कोंब दिसल्यावरच पुन्हा पाणी सुरू करा.

मिश्रण असं: ३ ते ६ मिमी चाळलेला मुरूम ४ भाग, भरड वाळू ३, पोयटा २, चाळलेलं शेणखत १. काळी माती अजिबात नको. मातीची, २५ सेंमी खोल कुंडी घ्या. गड्डा मिश्रणात, त्याची मान (जिथून पानं फुटतात तो वरचा भाग) पृष्ठभागाला टेकलेली आणि वर सेंटीमीटरभर मुरूम. मान खोल गाडली की पावसाळ्यात तिथेच कूज सुरू होते.

आपला पावसाळा हिला मानवतो. देशावर उघड्यावर, पूर्ण उन्हात ठेवा. कोकणात मात्र वर पारदर्शक पत्रा हवाच. जुलै-ऑगस्टमध्ये १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरभर पाण्याला १ ग्रॅम, महिन्यातून एकदा. जास्त नत्राने पानं लुसलुशीत होतात आणि पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यात ठाण मांडतो. गोगलगायी रात्री वेचायच्या.

गड्डा मऊ लागला तर उपटा, पांढरा निरोगी भाग लागेपर्यंत कापा, कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक चोळा आणि आठवडाभर सावलीत सुकवा. मधला कोंबच सडला असेल तर मात्र खटाटोप करू नये.

बी मे महिन्यात पेरा, वर जेमतेम ३ मिमी वाळू. ताजं बी साधारण २ ते ४ आठवड्यांत उगवतं. दाट पेरलं आणि हवा खेळली नाही की रोपं कोलमडतात. पहिल्या उन्हाळ्यात रोपांना मोठ्या झाडासारखं कोरडं ठेवू नका, गड्डा अजून इवलासा असतो. पंधरवड्याला थोडं पाणी द्या.

बी घेताना आईझाडाशेजारी दुसऱ्या कोणत्या कोरफडी फुलतात ते विचारा. बहुतेक कोरफडी स्वतःच्या परागाने बी धरत नाहीत, शेजारणीच्या परागाने मात्र सहज धरतात, आणि मग ब्युटनेरी म्हणून संकर हाती येतो. परदेशातून रोप मागवायचं तर साइट्सचा (CITES, दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवाना लागतो. कोरफडींमध्ये त्यातून सूट आहे ती फक्त आपल्या नेहमीच्या कोरफडीला.