नंबर बदलला की भूत कुणाला शोधतं?

गेल्या वर्षी नवीन सिम घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात रात्री सव्वाअकराला अनोळखी नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅप आला, "एकदा तरी उचल ना रे". मग दोन मिस्ड कॉल, मग परत मेसेज, "मी मेले असंच समजून चाललायस का तू". मी अंथरुणात उठून बसले. आपल्याकडे बंद केलेला नंबर निदान 90 दिवस कुणाला देत नाहीत आणि नंतर दुसऱ्याच्या नावावर चढवतात, म्हणजे तो जो कोण होता तो नंबर टाकून मोकळा झाला आणि तिचा सगळा राग माझ्या उशाशी येऊन पडला.

मला लगेच 'फोन' आठवला, 2002 चा कोरियन सिनेमा. शाळकरी मुलगी, लग्न झालेल्या माणसाच्या प्रेमात पडलेली, एक दिवस नाहीशी होते आणि तिचा नंबर पुढे ज्यांना मिळतो त्यांच्यावर मरण येतं. नायिका पत्रकार आहे, धमक्यांना कंटाळून नंबर बदलते तर नेमका हाच तिच्या वाट्याला. त्यात मैत्रिणीची चिमुरडी सहज फोन कानाला लावते तो सीन आहे ना, आधी नुसतं ऐकतेय, मग डोळे मोठे होत जातात आणि मग ती जी किंचाळते... त्यानंतर ती बापाशी, म्हणजे त्याच लग्न झालेल्या माणसाशी, लेकीसारखी वागतच नाही, आणि आईकडे बघते ते सवतीकडे बघावं तसं. पोरीचा काय दोष होता? आधी तो नंबर मिळालेल्यांचा तरी काय दोष होता? मला भुतापेक्षा याचीच जास्त भीती वाटली.

आजी सांगायची, हडळ मागे लागली तरी वेशीपर्यंतच, पुढे राखणदार येऊ देत नाही. तिच्या गोष्टीतल्या हडळीला जागा असायची, विहीर, चिंच, पाणंद. मोबाईलला कुठली आलीय वेस!

जपानच्या एका जुन्या नाटकातली भूत झालेली बायको, ओइवा, मात्र माणूस चुकत नाही. 1825 मध्ये एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, तिचं काबुकी, म्हणजे तिथल्या पारंपरिक रंगभूमीवरचं, नाटक पहिल्यांदा झालं. श्रीमंत शेजाऱ्याच्या नातीला तिच्या नवऱ्याशी लग्न करायचंय, औषध म्हणून ओइवाला विष पाठवलं जातं, चेहरा विद्रूप होतो, आणि ती आरशासमोर बसून केस विंचरते तर फणीबरोबर केसांचे पुंजकेच्या पुंजके हातात येतात. मेल्यावर ती जळत्या कंदिलातून बाहेर येते, त्या काळी तेच टेक्नॉलॉजी म्हणायचं, आणि लग्नाच्या रात्री नवरीच्या जागी नवऱ्याला तिचाच चेहरा दिसतो आणि तो स्वतःच्या हाताने नवरीला मारतो. नवरीही मेलीच म्हणा, पण तलवार त्याच्या हातात होती, ओइवाने त्याला सोडलं नाही. आजही हे नाटक करण्याआधी नट टोकियोतल्या योत्सुयाला तिच्या देवळात जाऊन पाया पडतात. मला ते फार बरोबर वाटतं, अन्याय झालेल्या बाईची परवानगी घ्यायलाच हवी.

तर त्या रात्री मी त्या मुलीला लिहिलं की हा नंबर आता माझा आहे, मी त्याला ओळखत नाही. निळ्या टिका आल्या. टायपिंग दिसायचं, थांबायचं, परत दिसायचं, पाच मिनिटं तरी तसंच चाललं होतं. मग आलं, "ताई, त्याचा नवीन नंबर आहे का तुमच्याकडे?"

नव्हता.